रिकामपणचे उद्योग : कपाटावरचं बिऱ्हाड

गेल्या खेपेला जुन्या साड्यांच्या गोधडीबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य लिहून गेले, की आमच्या कपाटावर एक जुना लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो आणि त्यात माझ्या आईचं स्वयंपाकघर आहे. गंमत म्हणजे गोधडीबद्दल चार पत्रं आली आणि या एका वाक्याबद्दल अकरा! एका भगिनींनी तर स्पष्टच विचारलंय, 'तुमच्याकडे वीज फुकट येते का हो?' नाही बाई, फुकट येत नाही. हिशेब पुढे देतेच. पण आधी हा उद्योग मला का सुचला ते सांगायला हवं. त्यामागे हौस कमी होती आणि हळहळ जास्त.

माझं माहेर राजापूरकडचं. आई मोठी सुगरण, पण लिहून ठेवायचा तिला मनस्वी कंटाळा. 'हाताला कळतं' हेच तिचं माप. २००७ साली आमच्या घरी इंटरनेट आलं, तेव्हा मी फुकट जागा देणाऱ्या एका ठिकाणी छोटीशी वेबसाइट उघडली आणि दर रविवारी आईला फोन करून एकेक पदार्थ उतरवून घेऊ लागले. सांदणं, घावन, कुळथाचं पिठलं, आठळ्यांची भाजी, आमसुलाचं सार. कृती सांगतासांगता ती मध्येच म्हणायची, 'हे तुझ्या आजीला खपायचं नाही, म्हणून ती गावाला गेली की आम्ही जावाजावा गुपचूप करायचो.' मी तेही जसंच्या तसं लिहायची. नऊ वर्षांत एकशे त्रेसष्ट पदार्थ झाले. २०१६ साली आई गेली. पुढे बरेच दिवस मला ती पानं उघडवेनात.

२०१८ च्या दिवाळीत अनारशांसाठी तांदूळ भिजत घालायचे होते. गूळ किती ते पाहावं म्हणून बसले, तर पानच उघडेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की ती जागा देणाऱ्यांनी आपला कारभारच गुंडाळला होता. तशी सूचना त्यांनी आधी पाठवली होती, नाही असं नाही. पण ती गेली माझ्या जुन्या ई-मेल पत्त्यावर, जो मी बघायचं कधीच सोडून दिलं होतं. आईचे एकशे त्रेसष्ट पदार्थ, आजीची गुपितं, सगळं गेलं. ह्यांनी हळूच विचारलं, 'दुसरी प्रत नाही का कुठे?' प्रत नव्हती. त्या दिवाळीला आमच्याकडे अनारसे झाले नाहीत.

आता राग तरी कोणावर काढायचा? फुकटात दहा-अकरा वर्षं राहिले होते. घरमालकाने घर पाडलं. भाडेकरूने आपलं सामान वेळेवर हलवायचं असतं, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती. आपली वेबसाइट म्हणतो तेव्हा ती काही आभाळात नसते. कुणाच्या तरी संगणकात आपला मजकूर ठेवलेला असतो, तो संगणक सदैव चालू असतो, आणि जगातून कोणी मागितलं की तो पान काढून देतो. तो संगणक ज्याचा, शेवटचा शब्दही त्याचाच.

हे माझ्याच नशिबी आलं असं मुळीच नाही. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीज नावाच्या ठिकाणी जगभरच्या हौशी लोकांनी लाखो पानं मांडली होती. तिथे चक्क वस्त्या होत्या, घर क्रमांक होते. कोणी मांजरांबद्दल लिही, कोणी विणकामाबद्दल. ऑक्टोबर २००९ मध्ये ते बंद झालं. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमतील तेवढी पानं उतरवून घेतली म्हणून त्यातली पुष्कळशी आज पाहायला तरी मिळतात. आपल्याकडे ऑर्कुटचं वेड कितीजणींना होतं आठवतंय ना? तेही ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फुकटची जागा कायमची नसते, आणि पैसे भरलेलीही नसते. फक्त त्याची आठवण आपल्याला उशिरा होते.

असो. पुढे २०२१ च्या टाळेबंदीत माझी भाची आमच्याकडे अडकून पडली. मी घर आवरत होते. २०१२ साली घेतलेला लॅपटॉप भंगारात द्यायच्या ढिगात ठेवला होता. चालू व्हायला त्याला चहा उकळून गाळून पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा!

'मावशी, हा देऊ नकोस हं,' ती म्हणाली. 'ह्याच्यावर लिनक्स घालू. तुझ्या आईच्या पदार्थांना स्वतःचं घर होईल.'

'अगं, पण पदार्थ आहेत कुठे?'

पदार्थ होते, मैत्रिणींनो. सगळे नाहीत, पण होते. माझ्या धाकट्या मावशीने रत्नागिरीला बसून, पानं उघडून, त्यातले आपल्या आवडीचे पदार्थ शंभर पानी वहीत शाईने उतरवून घेतले होते. एक्केचाळीस! आपल्या बहिणीचं बोलणं वाचायला बरं वाटतं म्हणून. मावशीला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. पण आम्हां सगळ्यांत शहाणी तीच ठरली. तिने प्रत काढली.

आता हे लिनक्स म्हणजे काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. संगणकाचं घर चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिचा गाभा म्हणजे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ती लिहायला घेतली. ऑगस्टमध्ये त्याने इतरांना कळवलं, की मी एक व्यवस्था तयार करतोय, नुसती हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. रिकामपणचा उद्योगच म्हणा ना! आज तुमच्या हातात अँड्रॉइडचा फोन असेल तर त्याच्या पोटात तोच गाभा आहे. जगातले सगळ्यांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून त्याच्यावरच चालतात.

आणि हे फुकट कसं? तर आपल्या विरजणासारखं. विरजण संपलं तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो. शेजारीण पैसे मागत नाही. उद्या तिचं संपलं तर आपण देतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ मध्ये अशाच मोकळ्या प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्यासाठी एक परवाना लिहिला. त्यातलं तत्त्व असं : घ्या, वापरा, बदला, वाटा, पण बदल करून वाटलंत तर तुमच्या बदलाची कृतीही घेणाऱ्याला द्यावी लागेल. पदार्थ खिलवायचा आणि कृती मात्र लपवायची, हे चालणार नाही. १९९२ पासून लिनक्स त्याच परवान्याखाली आहे. मला हे फार आवडलं. आयुष्यभर आपण बायका हेच करत आलो की!

लिनक्सचे प्रकार पुष्कळ, आम्ही घेतला डेबियन. इयन मर्डॉक नावाच्या तरुणाने १९९३ मध्ये तो सुरू केला आणि डेब्रा या आपल्या मैत्रिणीचं व स्वतःचं नाव जोडून त्याचं नाव ठेवलं. पुढे त्यांचं लग्न झालं. हे ऐकून ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते.

भाचीने पेन ड्राइव्हवर डेबियन उतरवून घेतला, लॅपटॉपमधले जुने फोटो आधी दुसरीकडे काढले आणि दुपारभरात त्याचं रूप पालटलं. मग मी मावशीच्या वहीवरून एकेक पदार्थ पुन्हा टंकायला घेतला. पान लिहायची भाषा सोपी आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, अशा खुणा करायच्या. वीणकामाचा नमुना वाचता येणाऱ्या बाईला ती पंधरवड्यात जमते. एक गोष्ट मात्र इथेच सांगते. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. पूर्वी मराठीसाठी ज्याचा त्याचा वेगळा फाँट असे. तो फाँट नसला की अक्षरांचं कडबोळं दिसतं. तशा जुन्या फायली तुमच्याकडे असतील तर आजच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पहिले सहा महिने ती वेबसाइट घरातल्या घरातच होती. स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून मी पान उघडायची आणि पीठ भिजवायची. तेवढ्यानेही माझं समाधान झालं असतं. पण रत्नागिरीच्या मावशीला दिसायला हवं ना? मग बाहेरचं दार उघडावं लागलं, आणि खरी परीक्षा तिथेच झाली.

पहिली अडचण पत्त्याची. पुष्कळशा घरगुती जोडण्यांना स्वतःचा वेगळा पत्ता नसतो; अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी तसा अनेक घरांत मिळून एक असतो. बाहेरच्याने नेमकं आपल्या घरी यायचं कसं? आम्ही दरमहा थोडे जास्त पैसे भरून कायमचा पत्ता घेतला. शिवाय लोकांच्या तोंडी बसेल असं नाव वर्षाच्या बोलीने नोंदवावं लागतं. २०१४ पासून 'डॉट भारत' अशी देवनागरी नावंही मिळतात. पानाशेजारचं कुलूप, म्हणजे मधल्या मध्ये कोणी मजकूर वाचू नये म्हणून लागणारं प्रमाणपत्र, ते मात्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था विनामूल्य देते.

दुसरी अडचण चोराचिलटांची. दार उघडलं आणि तासाभरात दूरदूरच्या देशांतून कोणीतरी कडी हलवून पाहू लागलं. मी घाबरले. भाची हसून म्हणाली, 'माणसं नाहीत गं, यंत्रं आहेत. सगळ्यांच्याच दारांना हात लावत फिरतात. आपली कडी पक्की असली की झालं.' तेव्हापासून पासवर्डने आत येण्याची सोयच बंद करून टाकली. फक्त आमच्या संगणकात ठेवलेल्या किल्लीनेच दार उघडतं. आणि दर शनिवारी, डोक्यावरून नाहणं झालं की, नव्या दुरुस्त्या आल्यात का ते बघायचं, हा माझा नेम आहे.

तिसरी अडचण घरचीच. कामाच्या बाईंनी एकदा झाडताना प्लग काढला आणि दोन दिवस मावशीचे फोन : 'तुझं दुकान बंद का?' मग मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली : 'हा बंद करू नये.' पुढे वाचनात आलं, की जगातली पहिली वेबसाइट ज्या संगणकावर होती, तो स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या वापरातला संगणक होता, आणि त्याच्यावरही त्यांनी हाताने लिहून अशीच चिठ्ठी लावली होती, की हा बंद करू नका! म्हणजे पहिली वेबसाइटसुद्धा घरगुतीच म्हणायची. १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्नने ही सारी युक्ती जगाला विनामूल्य देऊन टाकली, म्हणून तर आपल्यासारख्यांना ती वापरता आली.

त्या सुरुवातीच्या काळात ज्याचं त्याचं पान असे आणि लोक एकमेकांकडे जात, शेवटी पाहुण्यांच्या वहीत सही करत. चैत्रातल्या हळदीकुंकवासारखं. प्रत्येकीची आरास वेगळी, डाळ-पन्ह्याची चव वेगळी. आता आपण सगळ्याजणी एका भल्यामोठ्या मंगल कार्यालयात जमतो. सोय आहे, गर्दी आहे, चार ओळखी होतात, मीही जाते. पण कोण कोणाशेजारी बसणार, कोणाचा आवाज कोणापर्यंत पोचणार, हे कार्यालयवाला ठरवतो. तिथे जरूर जावं. मात्र आपली पेढ्याची चांदीची तबकं तिथे कायमची ठेवून येऊ नये.

आता वचन दिल्याप्रमाणे विजेचा हिशेब. पडदा बंद ठेवला तर आमचा लॅपटॉप साधारण दहा वॅट घेतो. दहा वॅट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, म्हणजे महिन्याला ७.२ युनिट. आपापल्या बिलातला दर लावून पाहावं. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक मिळतो, त्याला याहूनही कमी लागते.

ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सूचना :

१. जुन्या लॅपटॉपमधला सगळा मजकूर आधी बाहेर काढून तपासावा. नवी व्यवस्था घालताना आतलं सगळं पुसलं जातं.

२. बरेचसे लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच, काही न पुसता, चालवून पाहता येतात. आधी तसं पाहावं. रोजच्या कामासाठी नवशिक्यांना लिनक्स मिंट सोपं जातं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे ज्यांचे चांगले संगणक अडगळीत पडलेत, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी हे अवश्य करून पाहावं.

३. लॅपटॉप सतत चालू ठेवायचा तर तो कापडावर किंवा बंद कपाटात ठेवू नये. हवा खेळती हवी. बॅटरी निघत असेल तर काढून ठेवावी. फुगलेली दिसली तर वापर तत्काळ थांबवावा. तिला टोचू नये, दाबू नये, केरात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

४. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जातो. ती सवय त्याला सोडायला लावावी लागते. सेटिंगमध्ये तशी सोय असते.

५. सुरुवात घरातल्या घरात करावी. बाहेरचं दार उघडण्याची घाई करू नये, आणि उघडायचं तर जाणत्या माणसाला शेजारी बसवून.

६. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत पेन ड्राइव्हवर मावशीच्या फडताळात आहे. दर दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर नवी जाते आणि जुनी परत येते.

आमच्या शेजारच्या वहिनी म्हणतात, 'एवढा खटाटोप कशाला? हल्ली सगळं फुकट ठेवता येतं.' वहिनींचं अगदीच चूक नाही. प्रत्येकीने कपाटावर लॅपटॉप चढवावा असं मी म्हणणार नाही. माझं हे घरही काही अमर नाही. परवा ह्यांनी सहज विचारलं, 'तुझ्यानंतर शनिवारी दुरुस्त्या कोण बघणार?' प्रश्न बोचला, पण खरा होता. म्हणून मी एक वही केली आहे. त्यात किल्ली कुठे, नावाची फी कधी भरायची, बंद करायचं झालं तर कसं, सगळं मराठीत, पायरीपायरीने लिहिलंय. भाचीला ती ठाऊक आहे. आणि एक्केचाळीस पदार्थांच्या पानांचा छापील गठ्ठाही त्याच वहीत खोचून ठेवलाय. शेवटी आईला वाचवलं ते कागदानेच, हे मी विसरलेले नाही.

राहिलेले एकशे बावीस पदार्थ गेलेच. कधी जावाजावा बोलताबोलता एखादा सापडतो. गेल्या महिन्यात आत्याकडून फणसपोळीचं प्रमाण मिळालं, ते बेचाळिसावं. अनारशांचं मात्र अजून कोणाकडेच मिळालेलं नाही. मावशीला अनारसे आवडत नाहीत, म्हणून तिने ते उतरवलंच नव्हतं! आता मी माझ्या अंदाजाने करते, आणि पानावर लिहिलंय : 'हे प्रमाण आईचं नव्हे, माझं.'

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी एवढंच करा. आईचा, सासूबाईंचा आवाज फोनमध्ये असेल, मुलांची लहानपणची छायाचित्रं कुठल्याशा फुकट जागेत असतील, ती सगळी आपल्या ताब्यातल्या दोन ठिकाणी उतरवून घ्या. आणि घरात ज्यांना 'हाताला कळतं', त्यांना समोर बसवून एक तरी पदार्थ लिहून घ्या.

कोणा भगिनीकडे राजापूरकडच्या अनारशांचं जुनं प्रमाण असेल तर जरूर कळवावं. पुढच्या खेपेला, अनेकींच्या आग्रहावरून, गोधडीचे टाके.